खुर्ची सोडल्यानंतरची पाच वर्षे

२ फेब्रुवारी २०१४, रविवार. वडाळा ते चेंबूर मोनोरेल त्या दिवशी सामान्य प्रवाशांसाठी सुरू झाली. मुंबईकर हौसेने रांगा लावून बसले, फोटो काढले, खिडकीतून मिठागरे आणि झोपड्यांची छपरे पाहून परतले. त्याच दिवशी मेरठला नरेंद्र मोदींच्या सभेत डॉ. सत्यपाल सिंह यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. नुकतेच, ३१ जानेवारीला, त्यांनी मुंबईच्या पोलीस आयुक्तपदाचा राजीनामा दिला होता. म्हणजे ज्या दलाने मोनोरेलच्या उद्घाटनाचा बंदोबस्त आखला असेल, त्या दलाचा प्रमुख गाडीत प्रवासी चढेपर्यंत एका पक्षाच्या व्यासपीठावर पोहोचला होता.

पुढची कहाणी यशाची आहे. मे २०१४ मध्ये ते उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून लोकसभेवर निवडून आले. चौधरी चरणसिंहांचे चिरंजीव अजित सिंह त्यांच्याच बालेकिल्ल्यात तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये सत्यपाल सिंह केंद्रात मनुष्यबळ विकास खात्याचे राज्यमंत्री झाले. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत त्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले आणि देशभरातले वैज्ञानिक त्यांच्यावर तुटून पडले. २०१९ मध्ये ते पुन्हा जिंकले. २०२४ मध्ये बागपतची जागा मित्रपक्षाला गेली आणि त्यांची उमेदवारी संपली.

अशा माणसांविषयी आपल्याकडे वाद होतो तो एकाच प्रश्नावर: कडक अधिकारी चांगला राजकारणी होतो का? कोणी म्हणतो, शिस्त येईल, निर्णय पटापट होतील. कोणी म्हणतो, हुकूम देण्याची सवय लागलेल्या माणसाला लोकांचे ऐकून घेता येत नाही. दोन्ही बाजूंना उदाहरणे मिळतात आणि वाद तिथेच फिरत राहतो. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. वाईट राजकारण्याला पाच वर्षांनी घरी बसवण्याची सोय मतदाराच्या हातात असते. ज्याच्यावर मतदाराचा काहीच इलाज चालत नाही, ते नुकसान मागच्या दिशेने होते. सुरक्षा यंत्रणेचा प्रमुख पक्षात जातो तेव्हा त्याने पदावर असताना केलेल्या प्रत्येक सहीचा अर्थ बदलण्याची शक्यता तयार होते. परवानगी मिळालेला मोर्चा, नाकारलेली सभा, दाखल झालेला आणि न झालेला गुन्हा, हे सगळे नागरिक नव्याने वाचू लागतो. अधिकारी निष्कलंक असला तरी हे वाचन थांबवता येत नाही.

हे नुकसान किती मोठे, ते कळायला मुंबईच्या पोलीस आयुक्ताच्या हातात काय असते ते पाहावे लागेल. जिल्ह्यांत दंडाधिकाऱ्याकडे असलेले बरेच अधिकार आयुक्तालयाच्या शहरात पोलिसांकडेच असतात. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश निघतो. कलम ५५ ते ५७ खाली माणसाला शहराबाहेर, हद्दीबाहेर काढता येते, ज्याला आपण तडीपारी म्हणतो. निवडणूक जवळ आली की तडीपारीच्या नोटिसांची संख्या वाढते, हे वस्तीवस्तीतल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. कोणाला नोटीस गेली आणि कोणाला गेली नाही, यावर प्रभागातली हवा ठरते. सैन्याच्या प्रमुखाकडे रणगाडे असतात, पण वडाळ्यातल्या एखाद्या कार्यकर्त्याची रात्र कोठडीत जाणार की घरी, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो पोलीस प्रमुखाकडे असतो.

वडाळ्याला हा अधिकार जवळून माहीत आहे. मिठाच्या सत्याग्रहात १ जून १९३० रोजी सुमारे पंधरा हजार सत्याग्रही आणि नागरिक वडाळ्याच्या मिठावर चालून गेले, तेव्हा लाठ्या चालवणारे पोलीस परकीय सत्तेचे नोकर होते आणि ते लपवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. ११ जानेवारी १९८२ रोजी इथल्या आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मुंबईतली पहिली चकमक म्हणून तिची नोंद सांगितली जाते, आणि २०१३ मध्ये तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. या चकमकीनंतरच्या दोन दशकांत शहराने चकमकफेम अधिकाऱ्यांना नायक केले. त्यांच्यापैकी प्रदीप शर्मा २०१९ मध्ये नोकरी सोडून शिवसेनेच्या उमेदवारीवर नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि पडले. २००६ च्या लखनभैया चकमक प्रकरणात मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्याचा शेवट काहीही होवो, बंदुकीच्या जोरावर मिळालेली प्रसिद्धी मतपेटीकडे नेण्याचा तो सरळ प्रयत्न होता.

वडाळ्याची सर्वांत जड आठवण मात्र १० जानेवारी १९९३ ची आहे. दंगलीच्या त्या दिवसांत रफी अहमद किडवई मार्गाच्या परिसरातल्या हरी मशिदीत पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्याच्या आदल्या दिवशी, ९ जानेवारीला, मोहम्मद अली रोडवरच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलीस घुसले होते. तिथेही माणसे मारली गेली. त्या कारवाईचे नेतृत्व तेव्हाचे सहआयुक्त रामदेव त्यागी यांच्याकडे होते आणि आयोगाने त्यांच्यावरही ठपका ठेवला.

इथून पुढचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. त्या राजवटीत त्यागी मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर ते शिवसेनेत गेले. ज्या दंगलीत शिवसेनेच्या भूमिकेवर आयोगाने कठोर शब्दांत लिहिले, त्याच दंगलीत आयोगाने ठपका ठेवलेला अधिकारी त्याच पक्षात. बेकरी प्रकरणात सत्र न्यायालयाने २००३ मध्ये त्यागींना आरोपमुक्त केले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो निर्णय टिकला. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला, आणि तो संपला असे मानण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. तरीही बेकरीतून जीव वाचवून निघालेल्या माणसाच्या मनातला प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. त्या दिवशीचा निर्णय पोलिसाने घेतला होता की भावी कार्यकर्त्याने, हे तो विचारत राहणार. त्यागींनी पक्षात जाण्याचा निर्णय घेतला नसता, तर आरोपमुक्तीचा निकाल अधिक ठामपणे त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. पक्षप्रवेशाने नुकसान फिर्यादींचे झाले तसे खुद्द त्यागींचेही झाले. अधिकाऱ्याच्या निर्दोषत्वालासुद्धा साक्षीदार लागतो. निवृत्तीनंतर पाळलेले अंतर ही ती साक्ष असते.

सत्यपाल सिंह यांचे प्रकरण वरवर उलटे दिसते. ऑगस्ट २०१२ मध्ये आझाद मैदानातल्या हिंसाचारानंतर अरूप पटनायक यांना हटवून त्यांना आयुक्त केले ते काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने. ते गेले विरोधी पक्षात, आणि तेही मुंबईपासून शेकडो कोस दूरच्या मतदारसंघात. म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या सेवेचे बक्षीस घेतल्याचा आरोप इथे लागू पडत नाही. पण पक्षप्रवेश आणि लोकसभेची उमेदवारी हे काही एका रात्रीत ठरणारे विषय नाहीत. देशातल्या सर्वांत मोठ्या शहराचा पोलीस प्रमुख खुर्चीत असताना निवडणुकीच्या तोंडावर कोणाशी काय बोलत होता, हा प्रश्न विचारायला कोणताही पुरावा लागत नाही. दोन दिवसांचे अंतरच तो प्रश्न विचारते. त्यांच्यावर गैरवर्तनाचा कोणताही आरोप मी करत नाही. माझे म्हणणे इतकेच की असा प्रश्न उभाच राहू न देणारी व्यवस्था आपल्याकडे नाही.

पटनायक यांचे उदाहरण याच मोजपट्टीवर ठेवून पाहा. त्यांनी सेवानिवृत्तीनंतर काही वर्षांनी बिजू जनता दलात प्रवेश केला. २०१९ मध्ये भुवनेश्वरमधून आणि २०२४ मध्ये पुरीतून ते लोकसभेला उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले. वेळेचेही अंतर होते आणि ठिकाणाचेही. ओडिशातल्या त्यांच्या पराभवामुळे मुंबईतल्या त्यांच्या एकाही जुन्या निर्णयाकडे कोणी वळून पाहिले नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात मुंबई पोलिसांवर रोज कॅमेऱ्यासमोर टीका करून त्यांनी नाव कमावले, सप्टेंबरमध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि काही दिवसांतच संयुक्त जनता दलात गेले. उमेदवारी मिळाली नाहीच. मात्र मुंबई पोलिसांविरुद्धचे त्यांचे प्रत्येक विधान त्या एका प्रवेशाने प्रचारसभेतले भाषण होऊन बसले.

सैनिकांचे काय? इथे मुंबईकडे एक जुने आणि जवळपास विसरलेले उदाहरण आहे. १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी आचार्य कृपलानींचा पराभव केला. चीन युद्धाच्या नामुष्कीनंतर त्यांना मंत्रिपद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी इथूनच यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. १९६७ मध्ये मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले तेव्हा त्यांना हरवले स. गो. बर्वे यांनी, जे स्वतः सनदी सेवेतून राजकारणात आलेले होते. त्याच ईशान्य मुंबईतून १९७१ मध्ये भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा लोकसभेला उभे राहिले. ते अपक्ष होते आणि शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. काँग्रेसच्या उमेदवाराने त्यांना हरवले.

करिअप्पांचे राजकीय विचार वादग्रस्त होते. लोकशाहीच्या गोंधळावर त्यांचा राग उघड होता. पण ते १९५३ मध्ये निवृत्त झाले होते, म्हणजे मतदारासमोर जायला अठरा वर्षे उलटली होती. १९७१ च्या मुंबईकराने १९४९ च्या लष्करप्रमुखाला नाकारले तेव्हा लष्कराच्या अंगाला त्याचा ओरखडाही आला नाही. मतदारांनी तोलला तो एक वयस्क नागरिक आणि त्याची मते. वर्दी त्या निवडणुकीत नव्हती. जनरल व्ही. के. सिंह यांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. वयाच्या नोंदीवरून सरकारशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून ते मे २०१२ मध्ये निवृत्त झाले, मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले आणि गाझियाबादमधून प्रचंड मताधिक्याने जिंकून मंत्री झाले. त्यांचे भांडण न्याय्य असेलही. पण दोन वर्षांच्या आत विरोधी पक्षात गेल्यामुळे त्या भांडणाला आधीपासून पक्षाचा रंग होता का, अशी शंका कायमची चिकटली. लष्करप्रमुख आणि सरकार यांच्यातल्या पुढच्या प्रत्येक मतभेदावर तिची छाया पडणार.

आपल्या इतिहासात या गुंत्याची जाण फार जुनी आहे. शिवाजी महाराजांनी सेनापतीला अष्टप्रधानांत बसवले, पण पगार रोख ठेवला आणि पदे वंशपरंपरेने जाऊ दिली नाहीत. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवले, म्हणजे किल्ला एकाच्या हाती राहू नये. अष्टप्रधानांतले बहुतेक जण प्रसंगी लढाईवर जात, त्यामुळे मुलकी आणि लष्करी अशी आजच्यासारखी रेघ तेव्हा नव्हती. भर होता तो हितसंबंध वेगळे ठेवण्यावर. पुढे सरंजाम आले आणि लढवय्या सरदारांचे स्वतःचे मुलूख, स्वतःचे राजकारण तयार झाले. १७३१ मध्ये डभईला छत्रपती शाहूंचे सेनापती त्र्यंबकराव दाभाडे आणि शाहूंचेच पेशवे बाजीराव एकमेकांविरुद्ध लढले आणि सेनापती मारला गेला. राज्याची तलवार धरणाऱ्याला राजकारणात स्वतःचा वाटा दिसू लागला की राज्यालाच राज्याशी लढावे लागते. शेजारच्या पाकिस्तानात १९५४ मध्ये जनरल अयूब खान सरसेनापती असतानाच संरक्षणमंत्री झाले आणि चार वर्षांत सगळी सत्ता त्यांच्याकडे गेली. आपल्याकडे तसे होण्याची भीती कोणी दाखवत नाही, मीही दाखवत नाही. आपल्याकडचा धोका सत्ता बळकावण्याचा नाही. तो विश्वास हळूहळू झिजण्याचा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नागरिकत्वाचा आहे. वर्दी उतरवली की माणूस नागरिक होतो, मग त्याला निवडणुकीपासून का रोखायचे? डॉक्टर, वकील, नट, बिल्डर कालपर्यंतचे काम सोडून आज उभे राहतात, मग पोलिसानेच का थांबायचे? शिवाय आयझेनहॉवर १९५२ मध्ये नाटोच्या सेनापतिपदावरून थेट निवडणुकीत उतरले आणि त्याच सेनानीने राष्ट्राध्यक्षपदाचा निरोप घेताना शस्त्र उद्योग आणि लष्कर यांच्या साट्यालोट्याविरुद्ध देशाला इशारा दिला. अशा माणसाला थांबवून कोणाचे भले झाले असते?

उदाहरण चांगले आहे, पण आयझेनहॉवर यांचे रणांगण युरोपात होते. ओहायोतल्या कोणत्या मोर्चाला परवानगी द्यायची, हे त्यांनी कधी ठरवले नव्हते. आणि त्याच अमेरिकेने १९४७ च्या कायद्याने ठरवले की गणवेश उतरवून दहा वर्षे झाल्याशिवाय कोणालाही संरक्षणमंत्री होता येणार नाही. ती मुदत पुढे सात वर्षांवर आली. अपवाद करायचा तर संसदेची मंजुरी लागते. मार्शल, मॅटिस आणि ऑस्टिन यांच्यासाठी ती घ्यावी लागली. बिल्डर किंवा नटाशी तुलना तर मुळातच टिकत नाही. त्यांनी काल कोणाला कोठडीत टाकलेले नसते.

आपला कायदा या बाबतीत गमतीदार आहे. भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी यांसाठी बडतर्फ झालेल्या सरकारी नोकराला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ खाली पाच वर्षे निवडणूक लढवता येत नाही. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. लोकपाल कायदा, २०१३ च्या कलम ८ नुसार लोकपालाचा अध्यक्ष किंवा सदस्य पद सोडल्यापासून पाच वर्षे संसदेपासून पंचायतीपर्यंत कोणतीही निवडणूक लढवू शकत नाही. पण मुंबईचा पोलीस आयुक्त, राज्याचा पोलीस महासंचालक, गुप्तचर विभागाचा प्रमुख किंवा लष्करप्रमुख यांच्यावर एका दिवसाचेही बंधन नाही. सिमेंटच्या कंपनीत जायचे तर विचारावे लागते, आणि उद्या ज्याच्या हातात गृहखाते येऊ शकते त्या पक्षात जायचे तर विचारावे लागत नाही. निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये असे बंधन सुचवले होते, सरकारने ते मान्य केले नाही. २०२२ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने तो कायदेमंडळाचा प्रश्न असल्याचे सांगून याचिका फेटाळली. न्यायालयाचे बरोबरच आहे. अपात्रतेची कारणे कायद्याने वाढवण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १०२ ने संसदेला दिलेला आहे आणि लोकपाल कायद्यात संसदेने मुदतीचे बंधन घालून दाखवलेही आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. लोकपालासाठी जे पाच वर्षांचे अंतर योग्य ठरले, तेच सैन्यदलांचे प्रमुख, राज्यांचे पोलीस महासंचालक, महानगरांचे पोलीस आयुक्त आणि तपास व गुप्तचर संस्थांचे प्रमुख यांना लागू करा. यादी लहान ठेवा. शिपायापासून उपायुक्तापर्यंत सगळ्यांना त्यात ओढले तर हे बंधन अन्याय्य होईल, कारण त्यांच्याकडे धोरण ठरवण्याची ताकद नसते. बंधन फक्त निवडणुकीवर घालून भागणार नाही. राज्यपालपद, राज्यसभेची नेमणूक, महामंडळाचे अध्यक्षपद हे मागचे दरवाजेही त्याच मुदतीसाठी बंद हवेत, नाहीतर सौदा फक्त जागा बदलेल. आणि याला जोडूनच सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालातले निर्देश, म्हणजे पोलीस प्रमुखाला किमान दोन वर्षांची निश्चित मुदत आणि बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ, प्रामाणिकपणे अमलात आले पाहिजेत. ज्याची खुर्ची मंत्र्याच्या मर्जीवर रोज हलते, त्याला निवृत्तीनंतर पक्षाचा आसरा आकर्षक वाटतो. बंधन घालायचे तर आधी त्याला पदावर पाठीचा कणा ताठ ठेवता येईल अशी जागा द्यावी लागेल.

राजकारणाबाहेरही अशा माणसांना भरपूर काम आहे, हे मुंबईने पाहिलेले आहे. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांच्याकडे कोणत्याही पक्षाला हेवा वाटावा असे नाव होते. त्यांनी निवृत्तीनंतर, आयुक्तपद सांभाळलेल्या सतीश साहनी यांच्याबरोबर, मोहल्ला समित्यांच्या कामात स्वतःला घातले. ज्या वस्त्यांमध्ये १९९३ मध्ये पोलीस आणि रहिवासी एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहत होते, तिथे दोघांना एका सतरंजीवर बसवायचे ते काम होते. पुढे रिबेरो सर्वच पक्षांच्या सरकारांवर वर्तमानपत्रांतून टीका करत राहिले आणि त्यांच्या टीकेला धार होती ती कोणत्याच पक्षाचे देणे लागत नसल्यामुळे.

पाच वर्षांच्या मुदतीने कोणाचे नुकसान होईल, याचाही हिशेब मांडून पाहू. ज्या अधिकाऱ्याकडे विचार आहे, लोकांत राहण्याची तयारी आहे, त्याचे काही जात नाही. उलट या पाच वर्षांत तो वर्दीशिवाय लोकांसमोर उभा राहतो आणि आपल्या जुन्या निर्णयांना स्वतःच्याच वागण्याने संरक्षण देतो. नुकसान होते ते ज्याची किंमत खुर्चीमुळे असते त्याचे, आणि ज्या पक्षाला माणसापेक्षा त्याच्या खुर्चीची ऊब विकत घ्यायची असते त्या पक्षाचे. असा कायदा संसदेत का येत नाही, याचे उत्तर या दोघांच्या यादीत सापडते. म्हणून तो आणण्याची घाई पक्षांना नसेल. ती मतदाराला असली पाहिजे. उद्या प्रचाराला आलेल्या प्रत्येक माजी पोलीस प्रमुखाला आणि माजी सेनापतीला त्याने एवढेच विचारावे की तुम्ही पद कधी सोडले आणि या पक्षाशी पहिले बोलणे कधी झाले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह देता आले, तर मत द्यायला हरकत नाही.